पहिली स्त्री रब्बी १९७२ ची नव्हे

‘जगातली पहिली स्त्री रब्बी म्हणजे १९७२ मधल्या सॅली प्रीसँड’ असा एक मजकूर सध्या फिरतोय. (रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू.) तो अर्धाच खरा आहे. प्रीसँड अमेरिकेतल्या, आणि धर्मशिक्षण संस्थेकडून रीतसर दीक्षा मिळालेल्या पहिल्या स्त्री रब्बी. पण त्यांच्या ३७ वर्षं आधी, डिसेंबर १९३५ मध्ये, जर्मनीत रेगिना योनास यांना रब्बी माक्स डीनेमान यांनी दीक्षा दिली होती.

‘स्त्रीला रब्बी होता येतं का?’ हाच योनास यांच्या प्रबंधाचा विषय. त्यांनी परंपरा मोडीत काढली नाही. तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ आणि धर्मशास्त्राचेच दाखले देत म्हटलं, की आडवा येतो तो पूर्वग्रह आणि सवय नसणं, शास्त्रात आडवं येणारं जवळपास काहीच नाही. मला तर प्रीसँड यांच्या मानापेक्षा हा युक्तिवादच मोठा वाटतो.

मग योनास यांचं नाव मागे का पडलं? १९४२ मध्ये त्यांना नाझींच्या तेरेझिनश्टाट छावणीत नेलं. तिथेही त्या व्याख्यानं देत. २४ विषयांची त्यांची हस्तलिखित यादी उरली आहे. १९४४ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत त्यांची हत्या झाली. कागदपत्रं बर्लिनच्या दप्तरखान्यात पडून राहिली, ती १९९० च्या दशकात अभ्यासकांच्या हाती लागली.