बिनमेंदूच्या स्पॉकचा उद्धार कसा करावा

सगळ्यांनी मोडीत काढलेला जुन्या मालिकेचा एखादा भाग ‘खरं तर थोर होता’ असं सिद्ध केल्याशिवाय हल्ली तुम्हाला कोणी जाणकार म्हणत नाही. चांगल्या भागाचं कौतुक काय, कोणीही करील. तेव्हा थेट ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा ‘स्पॉक्स ब्रेन’ (स्पॉकचा मेंदू) हा भागच हाती घ्या. २० सप्टेंबर १९६८ ला तिसऱ्या पर्वाचा नारळ याच भागाने फुटला होता.

पथ्य एकच: भाग पुन्हा बघू नका. बघितलात तर दिसेल की कारा नावाची बाई यानात येते, मनगटावरचं बटण दाबून सगळ्यांना झोपवते आणि यानावरचा अधिकारी स्पॉक याचा मेंदू काढून नेते. केसही न विस्कटता! मग मंडळी उरलेल्या स्पॉकला रिमोटने चालवत परग्रहावर नेतात. हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर पुनर्मूल्यांकन होत नसतं.

दोष वाहिनीवर ढकला. चाहत्यांनी पत्रं पाठवून मालिका वाचवली, तर एनबीसीने तिला शुक्रवारी रात्री दहाला टाकलं, वर पैसाही कापला. हे सगळं खरं आहे, म्हणूनच फार ताणू नका. रात्री दहाची वेळ काही कथा लिहीत नाही. कथा लिहिली जीन कून यांनी, ज्यांनी याच मालिकेला क्लिंगॉन ही परग्रही जमात दिली. इथे मात्र नाव लागलं ‘ली क्रोनिन’. ते का, याच्या खोलात शिरू नका. ‘लेखकाचा मुखवटा’ म्हणा आणि पुढे सरका.

आता आशय. त्या परग्रहावर पुरुष वर बर्फात, बायका जमिनीखाली चैनीत, आणि त्यांचा सगळा कारभार चालवायला स्पॉकचा मेंदू. बायकांना मेंदू म्हणजे काय तेच ठाऊक नाही, याला खुशाल स्त्रीवादी उपरोध म्हणा. शेवटी यानाचा कप्तान कर्क त्यांना पुरुषांच्या मदतीने जगायला शिका असं सुनावतो, तेवढं गाळा.

शिरस्त्राणाशी मात्र जपून. ते डोक्यावर चढवलं की काराला मेंदूची शस्त्रक्रिया येते, आणि काही तासांत सगळं ज्ञान ओसरतं. ‘आजच्या यंत्रबुद्धीचं भाकीत’ असं लिहायला हात शिवशिवतील. पंचाईत अशी की हा मुद्दा खरोखरच बरा आहे. पुढे तेच शिरस्त्राण घालून यानाचा डॉक्टर मॅकॉय शस्त्रक्रियेला उभा राहतो, मध्येच त्यालाही काही आठवेनासं होतं, आणि टेबलावरचा स्पॉक स्वतःच्याच मेंदूची जोडणी त्याला सांगू लागतो. प्रसंग हास्यास्पद आहे, पण मॅकॉय झालेल्या डीफॉरेस्ट केलींचा चेहरा बघा: हातातली विद्या निसटताना घाबरलेला डॉक्टर, अगदी खरा. हे लिहू नका. बघणाऱ्या कुणालाही ते दिसतं; त्यात तुमचं कर्तृत्व काय?

कोणी स्पॉक साकारणाऱ्या लेनर्ड निमॉय यांचा दाखला तोंडावर फेकील. चित्रीकरण चालू होतं तोवर लाजच वाटत होती, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. घाबरू नका. साक्ष ग्राह्य नाही म्हणा. घटनेच्या वेळी साक्षीदाराचा मेंदू जागेवर नव्हता.