दार उघडा, खुर्चीत बसा

चित्रपटनिर्मितीच्या अभ्यासक्रमात शेवटी पाच मिनिटांचा लघुपट करायचा असतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले होते. त्याआधी सरावाची एक चित्रफीत करावी लागते हे दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा आम्हाला तो जरा अपमानच वाटला. सरावाचा विषय सरांनी फळ्यावर एका वाक्यात लिहिला होता : एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या व्यक्तीसमोरच्या खुर्चीत बसते आणि दोघांमध्ये दोन वाक्यांचे बोलणे होते. संपले. मुसळधार पाऊस, सुटणारी रेल्वे, तीन पूर्वस्मृती आणि एक भूत एवढा ऐवज ज्यांच्या वहीत लघुपटासाठी तयार होता, त्यांना माणूस खुर्चीत बसवायला सांगणे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत पाय बुडवून दाखव म्हणण्यासारखे होते. (आम्हाला पोहता येत नव्हते, हा तपशील नंतर उघडकीस आला.)

आमचा गट सहा जणांचा होता आणि कामांची वाटणी गुणवत्तेनुसारच झाली. ज्याचा हात त्यातल्या त्यात कमी थरथरत होता तो छायालेखक झाला, जिच्या संगणकात जागा शिल्लक होती ती संकलक झाली, ज्याला कोणतेच काम नको होते त्याच्या गळ्यात ध्वनिमुद्रण पडले आणि जे दोघे उशिरा आले ते नट ठरले. मला कॅमेऱ्याची तिपाई उघडता येत नव्हती, म्हणून मी दिग्दर्शिका झाले.

चित्रीकरण एका तासात उरकायचे ठरले होते; ते दोन दिवस चालले. पटकथेच्या एका पानाला पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरावे असा संकेत आहे आणि आमची पटकथा चौथ्या ओळीतच संपत होती, हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या वेगाची कल्पना येईल. त्यातच खोलीत उजेड कमी असल्यामुळे दाराबाहेरचा भाग एका ठिकाणी आणि आतला भाग दुसऱ्याच खोलीत चित्रित करण्याची युक्ती मी काढली. चित्रपटांत असे सर्रास करतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, असे मी ऐकून होते. मात्र असे करणारे लोक दोन्ही दारे कोणत्या दिशेला उघडतात ते आधी पाहून ठेवतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे आमचा नायक बाहेरून उजव्या हाताने दार आत ढकलतो आणि पुढच्याच क्षणी, आतून पाहता, तेच दार डाव्या हाताने बाहेर ओढले जाते.

दाराचे एवढ्यावरच भागले नाही. पहिल्या दिवशी नायकाला दाढी होती. दुसऱ्या दिवशी घरी कोणीतरी टोकल्यामुळे तो ती काढून आला. शिवाय कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स आम्ही मोठ्या विश्वासाने स्वयंचलित ठेवला होता. दिवसाच्या उजेडाचे वर्णतापमान सुमारे ५६०० केल्व्हिन आणि पिवळसर टंगस्टन दिव्याचे ३२०० केल्व्हिन असते, आपला डोळा हा फरक मुकाट्याने सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला मात्र पांढरे कशाला म्हणायचे ते आपणच ठरवून द्यावे लागते, हे सारे आम्ही वर्गात उतरवून घेतले होते आणि वही घरी ठेवली होती. खिडकी आणि दिवा या दोन्ही उजेडांत सापडलेला कॅमेरा शॉट चालू असतानाच आपले मत बदलत राहिला. परिणामी दाराबाहेर दाढी वाढवून उभा असलेला माणूस उंबरठा ओलांडताच गुळगुळीत होतो, खिडकीपाशी थंडीने निळा पडतो आणि खुर्चीत बसेपर्यंत त्याला कावीळ होते. एवढे भोगून आलेल्या माणसाला समोरची व्यक्ती फक्त ‘बसा’ म्हणते.

मग त्या दोन वाक्यांचा प्रश्न आला. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा असते आणि कॅमेऱ्याने तिच्या एकाच बाजूच्या १८० अंशांत राहावे, म्हणजे पडद्यावर दोघे एकमेकांकडे पाहत आहेत असे वाटते, हा नियम मी परीक्षेत आकृतीसह लिहून पूर्ण गुण मिळवले होते. प्रत्यक्षात दुसऱ्या शॉटच्या वेळी कॅमेऱ्याच्या जागी टेबल मध्ये आले, टेबल हलवण्यापेक्षा कॅमेरा हलवणे सोपे वाटले आणि रेषा काल्पनिक असल्यामुळे ती ओलांडताना कोणाच्याही पायाला लागली नाही. पडद्यावर दोघेही उजवीकडे पाहून बोलू लागले. जणू एकाच बाकावर बसून एकाच बसची वाट पाहत होते.

“सर, आजच्या माणसांमधला दुरावा सुचवायचा होता,” मी म्हणाले.

“अवश्य सुचवा,” सर म्हणाले, “पण ठरवून सुचवा. चुकून आलेला दुरावा लगेच ओळखू येतो.”

चित्राच्या चुका निदान दिसतात तरी. ध्वनीच्या चुका घरी येऊन भेटतात. खोलीत डोक्यावर पंखा फिरत होता आणि आमच्यापैकी एकालाही तो ऐकू आला नाही, कारण सतत चालणारा आवाज बाजूला सारण्याची सोय मेंदूत असते. मायक्रोफोनला मेंदू नसतो. त्याने पंख्याला संवादांइतकेच, किंबहुना जरा अधिकच महत्त्व दिले. त्यात आम्ही कॅमेऱ्याचाच मायक्रोफोन वापरलेला. बोलणारे नट त्याच्यापासून दहा पावलांवर आणि छायालेखक त्याला गाल लावून उभा. तेव्हा आमच्या चित्रफितीत सर्वांत स्पष्ट, भावपूर्ण आणि सलग ऐकू येतो तो छायालेखकाचा श्वास. त्याला तेव्हा सर्दी होती. ध्वनीच्या मित्राने हेडफोन लावला असता तर हे सारे जागेवरच कळले असते, पण हेडफोन लावल्यावर आमच्या गप्पा ऐकू येत नाहीत म्हणून त्याने तो गळ्यात अडकवून ठेवला होता. गळ्यात हेडफोन असलेला माणूस छायाचित्रांत फार व्यावसायिक दिसतो, हे मान्य केले पाहिजे.

संकलकाने या सगळ्यातून माझे ‘हं, आता चाला, चाला’ हे शब्द कापून काढले तेव्हा नवीनच संकट उभे राहिले. माझ्या शब्दांबरोबर पंखाही कापला गेला आणि त्या ठिकाणी ठार शांततेचे एक भोक पडले. पंखा घरघरतो आहे, अर्धा सेकंद विश्व बंद पडते, पुन्हा पंखा सुरू होतो. कोणताही आवाज नको असतानाही खोलीला स्वतःचा एक आवाज असतो, चित्रीकरणाच्या जागी सर्वांनी गप्प उभे राहून तो निदान ३० सेकंद मुद्रित करून घ्यायचा असतो, त्याला रूम टोन म्हणतात आणि अशी भोके बुजवायला तोच लागतो, हे ज्ञान आम्हाला त्या रात्री, खोली सोडून आल्यावर प्राप्त झाले.

‘कट’ म्हणण्याचा मोह हा माझा खास गुन्हा. दिग्दर्शिका म्हणून अधिकाराने उच्चारण्याजोगा तो एकच शब्द माझ्या वाट्याला आला असल्यामुळे नटाच्या तोंडातून शेवटचे अक्षर बाहेर पडते न पडते तोच मी तो उच्चारत असे. संकलकाला शॉटच्या मागेपुढे थोडी मोकळी जागा लागते आणि ती नसेल तर कापण्यासाठी काही उरतच नाही, हे तिने मला दूरध्वनीवरून रात्री दीड वाजता ज्या शब्दांत समजावले ते येथे देण्याची गरज नाही. छायालेखकाचा गुन्हा मात्र माझ्याहून मोठा होता. दुसऱ्या दिवशी केव्हातरी त्याने कॅमेऱ्याचे बटण एकदा जास्त दाबले आणि तेथून पुढे आम्ही चित्रीकरण करताना कॅमेरा विश्रांती घेत होता व आम्ही विश्रांती घेताना तो इमानेइतबारे चित्रीकरण करत होता. आमच्याकडे आमच्याच पायांची अकरा मिनिटांची सुस्पष्ट दृश्ये आहेत. नायकाने ज्या टेकमध्ये खरोखर सुंदर काम केले होते, तो टेक मात्र कोठेच नाही.

वर्गात चित्रफीत दाखवली तेव्हा हशा पिकला. आमचा विषय गंभीर होता.

त्या दिवसांत मला चित्रपटाच्या इतिहासाचा मोठा आधार वाटू लागला. १८९५ साली ल्युमिएर बंधूंनी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे जे चित्रण केले, त्याच्या तीन आवृत्त्या आहेत : एकीत गाडीला एक घोडा आहे, दुसरीत दोन आहेत आणि तिसरीत घोडाच नाही. म्हणजे ज्यांच्यापासून सारे सुरू झाले तेही दार उघडून माणसे बाहेर काढण्याचेच काम करत होते आणि ते त्यांनी तीनदा केले. ही माहिती मी सरांना सांगितली. त्यांनी उत्तरादाखल दादासाहेब फाळके यांची आठवण करून दिली. १९१३ सालच्या आपल्या कथापटाआधी दादासाहेबांनी मातीत पेरलेल्या वाटाण्याचे रोप कसे वाढते, हे ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवले होते. त्यांचीही ती एक प्रकारे सरावाचीच चित्रफीत. “आणि वाटाण्याने,” सर म्हणाले, “मध्येच दाढी केली नाही.”

लघुपटाच्या पटकथेतून सर्वांत आधी भूत गेले. दार धड उघडता न येणाऱ्यांनी भिंतीतून आरपार जाणारे पात्र घेऊ नये, याबद्दल गटात पहिल्यांदाच एकमत झाले. रेल्वे सुटली ती कायमचीच. पावसाचा विचार ध्वनीच्या मित्राच्या चेहऱ्याकडे पाहून सोडून दिला. एका पंख्याने त्याची ही अवस्था केली होती. पूर्वस्मृती एकेक करून विसरल्या गेल्या. शेवटी जे उरले ते असे : एक माणूस जुन्या मित्राकडे उसने पैसे मागायला येतो, दार उघडतो, खोली ओलांडतो, समोरच्या खुर्चीत बसतो, इकडचे तिकडचे बोलतो आणि न मागताच उठून जातो. हे मी सर्वांना वाचून दाखवले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग संकलक म्हणाली, “अगं, हा तर तोच सराव आहे.”

या खेपेला आम्ही आधी दार पाहायला गेलो. दार पाहायला जाणे हा वाक्प्रचार भाषेत नसेल तर तो असायला हवा. ते कोणत्या बाजूला उघडते, किती करकरते आणि उघडताना कॅमेऱ्याच्या तिपाईला लागते काय, याच्या नोंदी झाल्या. शॉटची यादी कागदावर उतरली. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवला गेला. पंखा बंद केला आणि सहा माणसे घामाने निथळत असताना कोणी तो पुन्हा लावू नये म्हणून त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. टेबलावरच्या पेल्यात पाणी किती आहे याचे छायाचित्र प्रत्येक टेकनंतर काढले जाऊ लागले. सरावाच्या चित्रफितीत तो पेला कोणी न पिता रिकामा होत होता आणि पुढच्या शॉटमध्ये आपोआप भरत होता. नायकाची दाढी ही गटाची सामाईक मालमत्ता ठरवण्यात आली. ‘कट’ म्हणण्यापूर्वी मी मनात पाच आकडे मोजू लागले. ते पाच सेकंद सुरुवातीला मला फार जड गेले, पण त्या मोकळ्या वेळातच नट स्वतःहून काहीतरी करतात, एखादा बोटे चाळवतो, एखादा नजर खाली घालतो, हे मला त्यामुळेच दिसले.

याचा अर्थ आम्ही शहाणे झालो होतो असा नव्हे. छायालेखकाने कोठूनतरी चाकांची खुर्ची पैदा केली आणि तीवर बसून नायकाच्या मागोमाग खोलीभर फिरणारा एक शॉट घेण्याचा आग्रह धरला. पटकथेत त्याची गरज नव्हती, पण चाके होती. एकाने खुर्ची ढकलायची, दुसऱ्याने तारा उचलायच्या, तिसऱ्याने कॅमेऱ्याच्या पुढून आयत्या वेळी टेबल सरकवायचे आणि हे सारे पायांचा आवाज न करता, अशी ती कवायत चार तास चालली. सोळाव्या टेकला चौदा सेकंदांचा निर्दोष शॉट मिळाला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या.

संकलक त्या दिवशी चित्रीकरणाला आली नव्हती. लघुपटाची पहिली जुळणी नऊ मिनिटांची झाली, मर्यादा पाचची होती आणि तिने पहिली कात्री चालवली ती त्या चौदा सेकंदांवर. आम्ही तिघे तिच्या घरी शिष्टमंडळ घेऊन गेलो. खुर्ची, तारा, टेबल आणि सोळा टेक यांचे वर्णन तिने शांतपणे ऐकून घेतले. “यातले पडद्यावर काय दिसते?” तिने विचारले. पडद्यावर एक माणूस खोलीत चालताना दिसत होता. तेवढ्यासाठी दुसरा एक शॉट होता, तीन सेकंदांचा, तिपाईवरून घेतलेला. छायालेखक पुढे आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मला मात्र तेव्हापासून असे वाटत आले आहे की, संकलकाला चित्रीकरणाच्या वेळी खोलीत येऊच देऊ नये. कोणाला किती घाम आला हे जिने पाहिले आहे, तिच्या हातून काहीच कापले जात नाही.

लघुपट अखेर चार मिनिटे बावन्न सेकंदांचा झाला आणि तो दाखवला गेला तेव्हा योग्य त्या जागी लोक गप्प राहिले. नंतरच्या चर्चेत एका शॉटचे विशेष कौतुक झाले. समोरचा मित्र चहा आणायला म्हणून उठतो आणि नायक एकटाच त्या खुर्चीत बसून राहतो. तो काही बोलत नाही, हलत नाही, एकटक समोर पाहतो. त्याचे ओठ किंचित, अगदी किंचित हलतात. पैसे मागावेत की मागू नयेत, हे सारे द्वंद्व त्याच्या चेहऱ्यावर कसे उमटले आहे, याबद्दल तीन जण बोलले. सर मात्र १९२० च्या आसपासच्या लेव्ह कुलेशोव्हच्या प्रयोगाविषयी बोलू लागले. कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी, शवपेटीतल्या मुलाशेजारी आणि एका स्त्रीशेजारी जोडला आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि आसक्ती दिसली. बोलताना ते माझ्याकडे जरा रोखून पाहत होते, असा मला भास झाला.

तो शॉट आमच्या यादीत नव्हता. चित्रीकरणाच्या अखेरीस आम्ही रूम टोन घेत होतो. सहा माणसांनी ३० सेकंद गप्प उभे राहणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे ज्यांनी ती केली आहे त्यांनाच ठाऊक : कोणाचे तरी पोट गुरगुरते, त्यावर कोणीतरी फिसकन हसते, हसल्याबद्दल तिसरा कुजबुजत रागावतो आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सातव्या प्रयत्नाला ते जमले. नट खुर्चीतच बसून होता, कारण उठला असता तर खुर्ची वाजली असती. आणि छायालेखकाने, नेहमीप्रमाणे, कॅमेरा बंद केला नव्हता.

चर्चेच्या शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला आणि नायकाला थेटच विचारले की, त्या क्षणी तुमच्या मनात नेमके काय चालले होते. तो प्रामाणिक मुलगा आहे. त्याने आठवून पाहिले.

“बावीस,” तो म्हणाला.