ज्यांच्या अंगावर औषध तपासलं, त्यांना निकाल कधी सांगणार?

परळला केईएम रुग्णालयाच्या गेटवर उभं राहिलं की टाटा मेमोरियल आणि वाडिया ही रुग्णालयं आणि हाफकिन संस्था, तिन्ही ठिकाणी चालत जाता येतं. शहराच्या या एवढ्याशा तुकड्यात किती माणसांनी नव्या औषधांसाठी, नव्या शस्त्रक्रियांसाठी, नव्या तपासण्यांसाठी स्वतःचं शरीर पुढे केलं असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ही परंपरा जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी याच शहरात लस बनवली, १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी लस टोचून घ्यायला पुढे आले. पुढे संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. त्या कैद्यांपैकी एकाचंही नाव मला कधी कोणी शिकवलं नाही, आणि मीही वर्गात कोणाला शिकवलं नाही.

महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत ‘लेपर्सन’ म्हणून बसते. म्हणजे डॉक्टर नसलेली, शास्त्रज्ञ नसलेली, साधी व्यक्ती. कायद्याने अशा समितीत किमान सात जण लागतात, त्यातले निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा, शिवाय एक कायद्याचा जाणकार, किमान एक स्त्री आणि माझ्यासारखं एक माणूस. कुठलीही ट्रायल, म्हणजे माणसांवर उपचार तपासून पाहणारा अभ्यास, सुरू होण्याआधी तिचे कागद आमच्यासमोर मंजुरीला येतात. समितीत काय चाललं ते बाहेर सांगायचं नसतं आणि मी सांगणारही नाही. खाली लिहिलंय ते सगळं उघड, छापून आलेलं किंवा माझ्या शेजारपाजारचं आहे.

आधी एक स्पष्ट सांगते. मी ट्रायलच्या विरोधात नाही. उलट आपल्याकडे जास्त व्हाव्यात, आणि आपल्या प्रश्नांवर व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. दात काढताना डॉक्टर हिरडी बधिर करायला देतात ते लिग्नोकेन सगळ्यांना माहीत आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं तेच औषध गाठीभोवती टोचलं तर फरक पडतो का, हे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने १६०० बायकांमध्ये तपासलं गेलं. २०२३मध्ये निकाल आला: पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्या गटात ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न घेतलेल्या गटात ८६.४ टक्के. या स्वस्त, जुन्या औषधात कुठल्या कंपनीला नफा दिसणार? असा प्रश्न आपल्या सरकारी आणि सार्वजनिक रुग्णालयांनी विचारला नाही तर कोणीच विचारणार नाही.

पण आता त्या १६०० बायकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पदर सावरत सही केली किंवा अंगठा दिला, कुठल्या गटात जायचं ते कॉम्प्युटरने ठरवलं, वर्षानुवर्षं फॉलो-अपला आलात. तुमच्यामुळे जगाला एक उत्तर मिळालं. ते उत्तर तुमच्या हातात, तुमच्या भाषेत, कागदावर लिहून द्यायची सक्ती आपल्याकडे कोणावरही नाही.

मला छळणारा प्रश्न हाच आहे.

आमच्या चाळीतल्या एका काकूंनी मधुमेहाच्या नव्या गोळीच्या स्टडीत भाग घेतला होता. नेहमीची औषधं चालूच होती, त्यावर एक जादा गोळी. काही जणांना खरी, काही जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. डॉक्टरांनाही माहीत नसायचं कोणाला कुठली, कारण कळलं की मन तसंच पाहायला लागतं आणि निकाल बिघडतो. हे सगळं काकूंना नीट समजावलं होतं आणि त्यांना पटलंही होतं. मुदत संपली, शेवटचं रक्त घेतलं, जाण्या-येण्याचे पैसे दिले, ‘थँक्यू काकू’ झालं. त्यानंतर काहीच नाही. रिकामी खोकी त्यांनी अजून कपाटात ठेवली आहेत. “बाई, तुम्ही त्या कमिटीत बसता ना, मग विचारा की मला खरी गोळी होती की खोटी? आणि त्या औषधाचं पुढे झालं काय?” या दोन प्रश्नांपलीकडे त्यांनी कधी काही मागितलं नाही. दोन्हींची उत्तरं कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये आहेतच. अभ्यास संपल्यावर कोणाला काय दिलं होतं ती यादी उघडल्याशिवाय निकाल काढताच येत नाही.

हा विषय डॉक्टरमंडळींसमोर काढला की उत्तरं ठरलेली असतात. रुग्णांचे मोबाइल नंबर बदलतात. निकाल यायला पाच-सहा वर्षं लागतात. प्रायोजक कंपनी परदेशात असते, तिच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. यातलं शेवटचं मी समजू शकते, ते करारातच लिहून घ्यावं लागेल. पण नंबर बदलतात हे मला पटत नाही. काकू एकदा तारखेला गेल्या नव्हत्या, गणपतीला गावी होत्या. तेव्हा स्टडी कोऑर्डिनेटरने त्यांना, त्यांच्या मुलाला आणि शेवटी आमच्या घरच्या फोनवरही फोन केला होता. रक्ताचा नमुना हवा असतो तेव्हा माणूस कोकणातून शोधून काढता येतो. तोच फोन, तीच यादी, तीच मेहनती मुलगी निकाल सांगायलाही वापरता येईल. तेवढे पैसे बजेटमध्ये आधीच धरले पाहिजेत, आणि ते धरलेत का हे विचारणं आम्हा समितीवाल्यांचं काम आहे.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे. निकाल वाईट असेल तर? ज्यांचा माणूस गेला त्या घरी फोन करून काय सांगायचं?

यासाठी मी तोंडाच्या कर्करोगाचं उदाहरण पुन्हा पुन्हा आठवते. तंबाखू, मिश्री, गुटखा. आपल्या राज्याला हा आजार काही नवा नाही. गाठ लहान असताना रुग्ण आला, मानेत काही सुजलेलं नाही, तर तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसिकाग्रंथीही (कर्करोग आधी जिथे पसरतो त्या छोट्या गाठी) काढाव्यात, की थांबून लक्ष ठेवावं आणि गरज पडली तरच मानेची शस्त्रक्रिया करावी? यावर जगभरच्या सर्जनांमध्ये कित्येक दशकं मतभेद होते. आधीच काढल्या तर शस्त्रक्रिया मोठी होते, खांदा दुखतो, हात वर जात नाही. थांबलं तर बऱ्याच जणांचा तो त्रास वाचतो. दोन्ही बाजूंचे डॉक्टर प्रामाणिक होते आणि दोन्हींकडे पक्का पुरावा नव्हता. टाटा मेमोरियलने २००४ पासून रुग्णांना दोन गटांत घेऊन हे तपासलं आणि २०१५मध्ये पाचशे रुग्णांचा निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांच्या मानेची शस्त्रक्रिया वेळेत केली तर त्यातला एक जीव जास्तीचा वाचतो. फरक इतका ठळक होता की नव्या रुग्णांना घेणंच थांबवलं.

आता त्या दुसऱ्या गटातल्या, मरण पावलेल्या एखाद्या माणसाच्या बायकोचा विचार करा. सोलापूरची असेल, जौनपूरची असेल, नवऱ्याच्या उपचारासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली असेल. तिला हे सांगायचं? मला वाटतं, हो, सांगायचं. तिची इच्छा आधी विचारून, समोर बसवून, घाई न करता. तेव्हा कुठला उपचार बरा हे कोणालाच माहीत नव्हतं, हे सांगायचं. तुमच्या माणसाने भाग घेतल्यामुळे ते आता माहीत झालं आहे, हेही सांगायचं. थांबलेला गट नसता तर तुलना कशाशी केली असती? आज वाशिमच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या रिक्षावाल्याची मान वेळेत उघडली जाते त्यात त्या माणसाचा वाटा आहे. हे तिला कळलं तर ती रडेल, कदाचित संतापेलही. संतापायचा तिला अधिकार आहे. आपण तिच्या वतीने ‘तिला झेपणार नाही’ असं ठरवून गप्प बसतो, ते मला अजिबात मान्य नाही.

आणखी मोठं उदाहरणही मुंबईचंच आहे. १९९८मध्ये इथल्या झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास सुरू झाला. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करायच्या आणि गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून पाहायच्या. उरलेल्या वस्त्यांमध्ये फक्त आरोग्य शिक्षण. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या तपासणीचा निकाल २०२१मध्ये आला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, त्याहून लहान वयात ठोस फायदा दिसला नाही. मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं, यंत्र नसलेल्या तालुक्याच्या गावाला याचा केवढा आधार आहे!

याच अभ्यासावर कडक टीकाही झाली. दुसऱ्या गटातल्या हजारो बायकांना तपासणीशिवाय का ठेवलं, असं परदेशातल्या आणि इथल्याही अभ्यासकांनी विचारलं. उत्तर असं होतं की तेव्हा देशात कोणालाच नियमित तपासणी मिळत नव्हती. मला ते उत्तर अर्धंच पटतं. त्यावर वाद घालणारे घालोत. पण तपासणी न मिळालेल्या त्या बायकांचं आपण सगळ्यात जास्त देणं लागतो, यावर तरी दुमत नसावं. मुंबईतल्या नळावर, रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी वीस वर्षं दिली, तर त्या निकालाची मराठी-हिंदी पाटी वस्तीतल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागली पाहिजे.

लोक ट्रायलला घाबरतात याचंही मूळ माणसाला नीट न सांगण्या-विचारण्यातच आहे. २०१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात एचपीव्ही लसीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावासाठी मुलींना द्यायच्या लसीचा, प्रकल्प थांबवावा लागला. मुलींच्या आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्याचं उघड झालं. पुढे सुप्रीम कोर्टात प्रकरणं गेली, नियम कडक झाले, २०१९मध्ये नवे नियम आले. चांगलंच झालं. त्यात संमतीपत्रात काय काय असायलाच हवं याची भलीमोठी यादी आहे: धोके, फायदे, इतर पर्याय, इजा झाली तर मोफत उपचार, भरपाई. वारसाचं नावही लिहावं लागतं. तो रकाना पाहून कित्येक जण दचकून पेन खाली ठेवतात. “नॉमिनी कशाला, आम्ही मरणार आहोत का?” खरं तर तो रकाना त्यांच्याच बाजूचा आहे, काही झालं तर भरपाई कोणाला द्यायची ते ठरलेलं असावं म्हणून. समजावलं की पटतं. एवढ्या मोठ्या यादीत निकाल कळवण्याचं बंधन मात्र नाही. जगभरचे डॉक्टर ज्याला प्रमाण मानतात त्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २०१३ पासून स्पष्ट आहे की भाग घेणाऱ्याला निकाल जाणून घ्यायचा पर्याय दिला पाहिजे. युरोपात तर २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने औषधांच्या ट्रायलचा सोप्या भाषेतला सारांश जाहीर करावाच लागतो. परदेशी कंपनी तिकडच्या माणसासाठी तो लिहिते, मग त्याच ट्रायलमधल्या नायगावच्या माणसासाठी मराठीत का नाही?

माझं मागणं फार मोठं नाही. संमतीपत्रात एक चौकोन: निकाल हवा की नको, आणि मी नसेन तर कोणाला सांगावा. अभ्यास संपल्यावर एक पान: तुम्हाला काय दिलं होतं, काय निष्पन्न झालं, औषध पुढे मिळणार का. अभ्यास मध्येच बंद पडला किंवा औषध निकामी ठरलं, तरीही ते पान हवं. अशा वेळी तर जास्तच हवं.

तोवर तुम्ही करू शकाल असं थोडं आहे. घरात कोणाला ‘स्टडीत येता का’ असं विचारलं तर तिथल्या तिथे सही करू नका, कागद घरी आणा, नातेवाइकांना दाखवा. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही केलीत तर प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. लिहिता-वाचता येत नसेल तर सगळं समजावेपर्यंत एक त्रयस्थ साक्षीदार हजर असावाच लागतो. १५ जून २००९ पासून प्रत्येक ट्रायलची नोंद सीटीआरआय या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, वेबसाइटवर करणं सक्तीचं आहे. ती इंग्रजीत आहे, पण कॉलेजला जाणाऱ्या भाचीला बसवलंत तर शोधून देईल.

आणि घरात आधीच कोणी भाग घेतला असेल तर जुनी फाइल काढा. संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा पत्ता आणि फोन असतो. साध्या मराठीत पत्र लिहा: मी अमुक स्टडीत होतो, मला काय दिलं होतं आणि निकाल काय लागला ते कळवा. काकूंचं पत्र मी लिहून दिलं आहे, सोमवारी त्या स्वतः नेऊन देणार आहेत आणि पोच घेणार आहेत. कोणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. आणि आमच्या समितीकडे असं पत्र आलं, तर पुढच्या बैठकीत ते मी मोठ्याने वाचून दाखवीन.