लुक्लाला नुसतं ‘धोकादायक’ म्हणून सोडून देऊ नका

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा सीझन आला की नेपाळमधल्या लुक्ला विमानतळाचे व्हिडिओ फिरायला लागतात. ‘जगातला सर्वात धोकादायक विमानतळ!’ धोका आहेच, तो कुणी नाकारत नाही. पण ती धावपट्टी तिथे का आहे, हे त्या व्हिडिओंत कुठेच नसतं, आणि याचाच मला राग येतो.

1953 मध्ये एव्हरेस्ट सर केल्यावर एडमंड हिलरी शेर्पांच्या खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागात, पुन्हा पुन्हा जात राहिले. 1961 मध्ये तिथल्या खुमजुंग गावात शाळा झाली. पुढे दवाखानाही बांधायचा होता. रस्ता नाही, त्यामुळे काठमांडूकडून येणारा एकेक पत्रा हमालांच्या पाठीवरून, कित्येक दिवसांची डोंगरवाट तुडवत यायचा. धावपट्टी हवी होती ती या सामानासाठी. ट्रेकर्सचा तेव्हा पत्ताही नव्हता!

हिलरींना सपाट जागा हवी होती. पण सपाट जागा म्हणजे पिकाची शेतं, ती द्यायला शेतकरी तयार होईनात. बरोबरच होतं त्यांचं, डोंगरात असा तुकडा पुन्हा कुठून मिळणार? म्हणून उतारावरची जमीन घेतली. 1964 मध्ये काम झालं, पण माती भुसभुशीत राहिली आणि तिथवर रोलर नेणार कसा? मग गावकरी हातात हात गुंफून ओळीने उभे राहिले आणि पाय आपटत शेर्पा नाच नाचले. जमीन अशी चोपली गेली. डांबर पडलं ते थेट 2001 मध्ये.

आणि तो उतारच आज कामाला येतो. पट्टी जेमतेम 527 मीटर, चढ जवळपास 12 टक्के. उतरणारं विमान चढावर धावतं म्हणून लवकर थांबतं, उडणाऱ्याला उतारावर वेग मिळतो. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. ऐनवेळी विमान पुन्हा वर उचलायची सोयच नाही.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. ऑक्टोबर 2008 मध्ये धुक्यात विमान कोसळून 18 जण गेले. खुद्द हिलरींची पत्नी लुईझ आणि मुलगी बेलिंडा 1975 मध्ये काठमांडूजवळच्या विमान अपघातात गेल्या. फाप्लूला हॉस्पिटलचं काम चालू होतं, तिकडेच निघाल्या होत्या. हे वाचल्यापासून ते थरारक मथळे मला बघवत नाहीत.

विमानामागून पर्यटक आले, सरपणासाठी जंगल तुटलं. त्याची खंत पुढे हिलरींनीच बोलून दाखवली. मला तरी ती धावपट्टी चूक वाटत नाही. शाळा, दवाखाना हवाच होता.

तिकडे जाणार असाल तर परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. दुपारनंतर वारा वाढतो, ढग खाली उतरतात, विमानं थांबतात. अशा वेळी ‘आज काहीही करून सोडाच’ म्हणून काउंटरवर भांडू नका.