तो इमिटिनेफ मर्सिलेटवाला मेसेज परत आलाय, म्हणून एकदाचं लिहितेच

नाइट करून सकाळी घरी आले, चहा टाकला, मोबाइल बघितला तर सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज. "ब्लड कॅन्सर आता बरा होतो! इमिटिनेफ मर्सिलेट हे औषध सर्व प्रकारचा, कुठल्याही स्टेजचा रक्ताचा कॅन्सर पूर्ण बरा करतं, चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फुकट मिळतं, पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल." मी नर्सिंगला लागल्यापासून हा बघतेय, मधे गायब होतो आणि परत उगवतो. यावेळी खाली मराठीत शेपूट पण जोडलंय : पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या वर गेल्या की ब्लड कॅन्सरची सुरुवात समजा, केमोनेच माणूस लवकर जातो, त्यापेक्षा गव्हांकुर आणि पपईच्या पानांचा रस २१ दिवस घ्या, कमरेतून मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) काढू देऊ नका लकवा मारतो, पेशंटची भांडी वेगळी ठेवा. आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी नाशिकला कॅन्सरच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, या मेसेजने झालेला घोळ आम्हाला निस्तरावा लागतो, त्यामुळे झोप बाजूला ठेवून लिहितेय.

पहिलं औषधाचं. इमिटिनेफ मर्सिलेट असं काही नसतंच. इमॅटिनिब मेसिलेट असतं, ते कुणीतरी ऐकून ऐकून असं लिहिलंय, जसं आमच्याकडे नातेवाईक प्लेटलेट्सना "प्लेटा" म्हणतात तसं. आणि गंमत अशी की औषध खरंच भारी आहे. म्हणूनच हा मेसेज मरत नाही, त्यात अर्धं खरं आहे ना. सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणून ब्लड कॅन्सरचा एक प्रकार असतो, त्यात ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्राचे तुकडे आपसात बदलतात, त्यातनं एक बिघडलेलं प्रोटीन तयार होतं जे मॅरोला दिवसरात्र "पेशी बनव, पेशी बनव" करत बसतं, आणि इमॅटिनिब बरोबर त्या प्रोटीनचं तोंड बंद करतं. ते आखूड झालेलं गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात पहिल्यांदा दिसलं आणि गोळी यायला २००१ उजाडलं. आता गोळी घेणाऱ्या शंभरातले ऐंशीहून जास्त पेशंट दहा वर्षांनंतरही असतात. पण ज्याच्या पेशीत तो बदलच नाही त्याला ही गोळी काय करणार? एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) या दुसऱ्या प्रकारच्या काही पेशंटमध्ये तोच बदल सापडतो, त्यांना केमोसोबत देतात, बाकीच्यांना नाही.

"पूर्ण बरा करतं" या तीन शब्दांनी काय होतं ते सांगते. निफाडकडचे एक काका होते, आले तेव्हा पांढऱ्या पेशी दोन लाखांच्या वर आणि प्लीहा एवढी सुजलेली की पँटचं बटण लागत नव्हतं, काका म्हणायचे मला वाटलं पोट सुटलंय. गोळी सुरू झाली, महिना-दीड महिन्यात काउंट नॉर्मल. काकांना वाटलं झालं बरं, मेसेजमध्ये पण तसंच लिहिलेलं, आणि डोळ्याखाली सूज येते, पायात गोळे येतात म्हणून कंटाळलेलेच होते, दिली सोडून. सात-आठ महिन्यांनी परत त्याच पँटमध्ये. ही गोळी बीपीच्या गोळीसारखी रोजची असते हो, जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. वर्षानुवर्षं रिपोर्ट एकदम खोल नॉर्मल राहिला तर काहींची थांबवून बघतात, पण ते डॉक्टर ठरवतात आणि नंतर सारखी रक्ताची पीसीआर, म्हणजे तो बदल परत दिसतोय का ते शोधणारी टेस्ट, करत राहावी लागते.

फुकटचं म्हणाल तर त्या अड्यारच्या संस्थेने स्वतःच खुलासा केलेला आहे की असं काही नाही. १९५४ पासूनची नावाजलेली संस्था आहे, तिथे फोन करकरून लोकांनी त्यांना किती वैताग दिला असेल देव जाणे. मूळ कंपनीच्या या औषधाला महिन्याला लाखाच्या वर खर्च यायचा, भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारात मिळायचं, पेटंटची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १ एप्रिल २०१३ ला निकाल आपल्या बाजूने लागला, म्हणून आज साध्या माणसाला ते परवडतं. पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा : महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलला जायचं आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटायचं. चेन्नईचं तिकीट काढायची गरज नाही.

"सर्व प्रकारचा." अहो, ब्लड कॅन्सर हा एक आजारच नाहीये. अक्यूटवाले, एएमएल (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) आणि एएलएल, दिवसांत बिघडतात. लिम्फोमा गाठींमध्ये. मायलोमात म्हातारा माणूस कंबर दुखते म्हणून वर्षभर बाम चोळत बसतो आणि मग कळतं हाडं पोखरलीत, किडनीवर आलंय. आणि सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियामध्ये कितीतरी आजोबांना वर्षानुवर्षं काहीच औषध देत नाहीत, नुसतं दर काही महिन्यांनी तपासतात, तेव्हा घरचे आमच्यावर चिडतात की कॅन्सर आहे आणि तुम्ही नुसतं बघत बसलाय! एका टोकाला आज रात्रीच ॲडमिट व्हा आणि दुसऱ्या टोकाला घरी जा, सहा महिन्यांनी या. कुठली एक गोळी दोघांना चालेल सांगा.

अकरा हजारांचं. नॉर्मल साधारण चार ते अकरा हजार धरतात, बरोबर. पण दाढ सुजली, छातीत कफ झाला, स्टेरॉइड चालू आहे, बिडी-सिगारेट आहे, गरोदर आहे, पेशी वाढतातच. मला स्वतःला नवव्या महिन्यात चौदा हजार होत्या. जोराच्या इन्फेक्शनमध्ये तर पन्नास हजारांवर पण जातात. आणि उलटं कुणी लिहीत नाही की ल्युकेमियात पांढऱ्या पेशी दोन हजार पण असू शकतात. नुसता आकडा बघून रडायचं पण नाही आणि नाचायचं पण नाही. आम्ही बघतो ते स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, कच्च्या पेशी, म्हणजे ब्लास्ट, दिसतायत का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट सोबत पडतायत का. घरी बघायचं असेल तर हे बघा : न जाणारा ताप, दात घासताना सारखं रक्त, पायावर लाल टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, न मारता उठलेले काळेनिळे डाग, पोराचं हाडं दुखतात म्हणून रात्री रडणं. यातलं काही असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर करून घ्या, लगेच गूगल करू नका.

आता केमोचं, इथे मला जास्त बोलायचंय.

"केमो पांढऱ्या पेशी मारते" हे खोटं नाही. मारते. डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट तळाला जातात आणि पुढच्या आठवडा-दोन आठवड्यात वर येतात, ल्युकेमियाच्या जोरदार केमोत जास्त दिवस लागतात. वॉर्डात आम्ही म्हणतो "काउंट पडलेत". तेव्हा नुसता टोटल आकडा नाही बघत, एएनसी काढतो, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी किती ते. पांढऱ्या पेशी १२०० आणि त्यात न्यूट्रोफिल २० टक्के, म्हणजे एएनसी २४०. पाचशेच्या खाली गेलं की तो पेशंट म्हणजे दार नसलेलं घर. अशा वेळी जो ताप येतो तो मारतो, आणि त्याला "केमोने गेला" म्हणतात. बहुतेक वेळा ताप आल्यावर घालवलेल्या वेळाने गेलेला असतो.

कारण हा ताप दिसायला फसवा असतो. गळू झालं तर पू होत नाही, पू व्हायला पण पांढऱ्या पेशी लागतात ना! एक्स-रे साफ, घसा जरा लाल, पेशंट बसून चहा पितोय आणि ताप १०१. नातेवाईक म्हणतात क्रोसिन दिली सिस्टर, उतरला, म्हटलं सकाळी येऊ. सुरगाण्याकडून, पेठकडून रात्री निघायचं म्हणजे गाडी बघावी लागते, पैसे बघावे लागतात, मला कळतं ते. पण सकाळी येतो तेव्हा बीपी लागत नाही, हातपाय गार. आमचा नियम असा की ताप १००.४ टिकला किंवा एकदा १०१ लागला, तर दारात आल्यापासून एका तासात कल्चर (जंतू शोधायला रक्त) घेऊन अँटिबायोटिक चालू झालंच पाहिजे, रिपोर्टची वाट बघायची नाही. म्हणून केमो घेतलेल्याच्या घरी क्रोसिन आधी नाही, आधी थर्मामीटर आणि मग फोन.

आणि केमोने "लवकर जातात" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की १९४८ च्या आधी ल्युकेमिया झालेलं पोर आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. त्या वर्षी बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ज्या औषधाने पहिल्यांदा पोरांचे काउंट सुधारून दाखवले ते औषध बनवणाऱ्या टीमचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रच्या भीमावरमचे. ते स्वतः त्याच वर्षी वारले. तेव्हा तो सुधार काही महिनेच टिकायचा. आज पोरांच्या एएलएलमध्ये श्रीमंत देशांत शंभरातले पंच्याऐंशीच्या वर वाचतात. आपल्याकडे कमी, आणि त्याची दोन मोठी कारणं म्हणजे इन्फेक्शन आणि अर्धवट सोडलेली ट्रीटमेंट. ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते, पहिल्या महिन्यात रिपोर्ट चांगला आला की लोकांना वाटतं झालं.

रसाकडे येते. "नॅचरल घ्या, केमिकल नको" म्हणणाऱ्या एका वहिनींना मी विचारलं, तुमच्या कुंडीत सदाफुली आहे का? आहे म्हणाल्या, गुलाबी. म्हटलं त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन निघतं, जे तुमच्या भाच्याला सलाईनमधून चाललंय, पोरांच्या ल्युकेमियाचं अगदी पायाचं औषध. वहिनींचे डोळे चमकले आणि मलाच धडकी भरली, म्हटलं पानं चावून खायला देऊ नका हां! ते औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात, चुकून मणक्यात गेलं तर माणूस हातचा जातो, म्हणून दोघी नर्स नाव, डोस, रूट मोठ्याने वाचून मगच लावतो. झाडातलं म्हणजे निरुपद्रवी असतं हे कुणी सांगितलं?

पपईच्या पानांवर थोडे छोटे अभ्यास झालेत ते डेंग्यूतल्या प्लेटलेटवर. ल्युकेमियात मॅरोच कच्च्या पेशींनी भरलेला असतो, तिथे रस काय जागा करून देणार. आणि माझी मुख्य भीती वेगळी आहे, कच्चा रस म्हणजे मातीतलं पान, मिक्सरचं भांडं, गाळणी, हात, आणि समोर एएनसी २४० वाला. तीर्थाचं तसंच. मागच्या पावसाळ्यात एक आजी रामकुंडावरून छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत गोदावरी घेऊन आल्या, पदराखाली लपवून, नातवाच्या ओठाला लावायला. तोंडात सगळीकडे फोड आलेलं पोर. मी हात धरला त्यांचा. रागावले नाही, म्हटलं आजी, बाटली उशाशी नको, देव्हाऱ्यात ठेवा, काउंट वर आले की मी स्वतः सांगेन. बारा दिवसांनी त्यांनी आठवण करून दिली, तेव्हा डॉक्टरांना विचारून कपाळाला लावायला दिलं, तोंडात नाही.

द्राक्षांच्या सीझनमध्ये तर विचारूच नका, पिंपळगावची पेटी घेऊन पाहुणे हजर. पूर्वी सगळंच कच्चं बंद असायचं, आता नवे अभ्यास म्हणतात की नीट धुतलेल्या फळाने इन्फेक्शन वाढत नाही, पण "नीट धुतलेलं" यावर माझा विश्वास कमी, म्हणून काउंट पडलेले असताना मी तरी सोलायचं फळ सांगते, केळं, मोसंबी. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. पाहुण्यांना मात्र एकच, आत येताना हात धुवा. फळापेक्षा हात जास्त जंतू आत नेतात.

मॅरोचं थोडक्यात : ती टेस्ट मणक्यातून नाही, कमरेच्या मागच्या हाडातून करतात, तिथे मज्जारज्जू नसतोच, लकवा कुठून मारेल? मणक्यातलं पाणी काढतात ती वेगळी टेस्ट, आणि तीही मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालून. मॅरोला दुखतं, खोटं बोलणार नाही, भूल दिली तरी ओढतानाचा एक क्षण विचित्र असतो, तेव्हा मी पेशंटला गावाचं नाव विचारते आणि घरी कोण कोण असतं ते. सुई घातल्याने कॅन्सर पसरत नाही, तो आधीच रक्तभर असतो.

भांडी वेगळी ठेवू नका. लागत नाही हा आजार. आम्ही मास्क लावतो तो आपल्यापासून त्यांना वाचवायला. केमोनंतर दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना ग्लव्हज घाला, फ्लश दोनदा करा, ते औषध अंगातून बाहेर पडत असतं म्हणून, रोग पसरतो म्हणून नाही. बाकी शेजारी बसून जेवा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर पहिला रिप्लाय तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा, ज्यांच्या दिरांची केमो चालू आहे : "सगळं वाचलं गं, पण थर्मामीटर कुठला आणू?" मावशी, साधा डिजिटल आणा, मेडिकलमध्ये मिळतो. जिभेखाली लावा, गरम चहानंतर पंधरा मिनिटं थांबून. तोंडात फोड असतील तर काखेत, पण काखेत थोडा कमी दाखवतो हे लक्षात ठेवा, ९९.५ च्या पुढे दिसला तरी फोन करा. गुदद्वारातून कधीच लावायचा नाही. आणि डिस्चार्ज कार्डवरचा वॉर्डाचा नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा, रात्री दोनला चष्मा सापडत नाही.