नेदरलँड्सच्या नावापायी फायटोत खाडाखोड करू नका

द्राक्षाचे कंटेनर युरोपला निघायला लागले की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा निफाडच्या मामांनी पाठवला: '1 जानेवारी 2020 पासून हॉलंडने नाव बदलून नेदरलँड्स केले. हॉलंड म्हणणे बेकायदा. हॉलंड म्हणजे पोकळ जमीन. कागदावर कुठेही हॉलंड दिसले तर कंटेनर परत.'

नाव बदललेलं नाही. 1815 ची राज्यघटनाच 'नेदरलँड्सच्या राज्याची' आहे. राज्याचं नाव हॉलंड होतं ते 1806 ते 1810, नेपोलियनचा भाऊ लुई गादीवर होता तेवढंच. 2020 साली सरकारने जाहिरातीतल्या बोधचिन्हातून 'हॉलंड' काढून 'एनएल' हे नेदरलँड्सचं लघुरूप आणलं, एवढं खरं. बंदी कसली? फुटबॉलला त्यांचीच माणसं 'हॉलंड, हॉलंड' ओरडतात.

'पोकळ जमीन' हे इंग्रजी 'हॉलो'वरून जुळवलंय. जुनं रूप होल्टलँड, म्हणजे झाडीचा मुलूख. सखल हा अर्थ नेदरलँड्सचा.

आता कंटेनर. देशात 12 प्रांत. उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे त्यातले दोन, 1840 ला वेगळे झालेले. लिम्बर्ग या दुसऱ्या प्रांताच्या माणसाला हॉलंडचा म्हणणं म्हणजे मालेगावकराला पंचवटीचा म्हणणं. पण रॉटरडॅम बंदर दक्षिण हॉलंडातच आहे! आपला माल खरोखर हॉलंडातच उतरतो. त्यामुळे देशाच्या रकान्यात नेदरलँड्स, कोड एनएल, हे बरोबर. फायटोवर, म्हणजे मालासोबतच्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर, वरच 'अमुक देशाच्या वनस्पती संरक्षण संस्थेस' अशी ओळ असते, तिथेही नेदरलँड्सच. मात्र घेणाऱ्याच्या पत्त्यात प्रांत म्हणून किंवा कंपनीच्या नावात हॉलंड असेल तर त्याला हात लावायचा नाही. बंदराच्या तोंडाशी 'हुक ऑफ हॉलंड' नावाचं गाव आहे. त्याचं काय 'हुक ऑफ नेदरलँड्स' करणार?

मेसेज वाचून कुणी तयार फायटोवर पेन चालवला तर खरा घोळ होतो. अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याशिवाय केलेली खाडाखोड ते सर्टिफिकेटच बाद करते. देशाच्या रकान्यात चूक दिसली तर गाडी हलायच्या आत एजंटाकडून नवं काढून घ्या. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटोवर घेणाऱ्याचं नाव अक्षर न् अक्षर एकच हवं.

2010 ला युरोपात आपली द्राक्षं अडली ती लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, म्हणजे क्लोरमेक्वाटच्या, मालात उरलेल्या अंशामुळे (रेसिड्यू). तेव्हा देशाच्या नावाचं कुणी काही विचारलं नव्हतं. मामा, रेसिड्यूचा रिपोर्ट हातात आलाय का, ते आधी कळवा.