वहीतले पासवर्ड आणि घरच्यांवरचा विश्वास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपल्यामागे आपल्या ऑनलाइन खात्यांचं काय होतं, या माझ्या लेखावरच्या इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ती घरच्यांच्या हाती दिली की काम झालं, बाकीची उठाठेव कशाला? क्रिप्टोसाठी (डिजिटल चलनासाठी) तर कागदावर लिहिण्याशिवाय पर्यायच नाही. शिवाय 'कोणाला काय द्यायचं आणि काय पुसायचं, हे जिवंतपणी ठरवा' या माझ्या वाक्यात तुम्हाला घरच्यांवरचा अविश्वास दिसला.

वही जरूर ठेवा. पण ती पुरत नाही. जर्मनीत 2012 मध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी गेली. तिच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड आईकडे होता. तरीही आईला आत जाता आलं नाही, कारण तोवर ते खातं 'स्मृती-खातं' झालं होतं, म्हणजे आठवण म्हणून ठेवलेलं, पण कोणालाच लॉगिन करता न येणारं. आईवडील न्यायालयात गेले आणि 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात त्यांना न्याय मिळाला. मधली सहा वर्षं त्या पासवर्डचा काही उपयोग झाला नाही. न्यायालयापर्यंत जायचीही गरज नसते म्हणा. ओटीपी येणारा नंबर बंद झाला की वहीतला बरोबर पासवर्डही अडतो.

आता अविश्वासाबद्दल. याच खटल्यात कंपनीने मुद्दा मांडला होता, की मुलीशी गप्पा मारणाऱ्यांच्या खासगीपणाचं काय? न्यायालयाने तो मानला नाही. पत्रं आणि डायऱ्या वारसांकडे जातात, तशी ही खातीही जातील, असं म्हटलं. त्या आईवडिलांना आपली मुलगी कशामुळे गेली हे जाणून घ्यायचं होतं, आणि मी मनापासून त्यांच्या बाजूने आहे. पण आपल्या इनबॉक्समध्ये फक्त आपण नसतो. एखाद्या मित्राने आजार फक्त आपल्याला सांगितलेला असतो, बहिणीने संसारातलं दुःख रात्री उशिरा लिहिलेलं असतं. त्यांनी विश्वास आपल्यावर ठेवला होता, आपल्या वारसांवर नाही. त्यांची ही पत्रं कोणी वाचावीत, हे आपण ठरवलं नाही तर आपल्यामागे ते आपोआप ठरतं. घरच्यांवर माझा पूर्ण भरवसा आहे, तरी ती पत्रं मी त्यांच्या हाती देणार नाही.

यासाठी सोयी आहेत. गूगलच्या 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये खातं किती काळ वापरलं नाही की पुढची कारवाई व्हावी, यासाठी 3, 6, 12 किंवा 18 महिन्यांची मुदत निवडता येते. दहापर्यंत माणसं नेमता येतात आणि प्रत्येकाला वेगळं देता येतं : फोटो एकाला, कागदपत्रं दुसऱ्याला, मेल कोणालाच नाही. अ‍ॅपलमध्ये पाच 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्यामागे खातं उघडू शकणारी माणसं, नेमता येतात. त्यांना अ‍ॅक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला द्यावा लागतो, आणि साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. म्हणूनच वही ठेवा म्हणतो. काहीच ठरवलं नाही तर? दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं, मुलांच्या लहानपणच्या फोटोंसकट.

क्रिप्टोचं मात्र तुमचं बरोबर आहे. क्रिप्टो ठेवायचं वॉलेट स्वतःच्या ताब्यात असेल, तर सीड फ्रेज, म्हणजे ते वॉलेट पुन्हा उघडणारी बारा किंवा चोवीस शब्दांची यादी, कागदावर असायलाच हवी. ती हरवली तर दाद मागायला कोणतंही कार्यालय नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, पासवर्ड थेट मृत्युपत्रातच लिहिले तर? नको. मृत्युपत्र अनेकांच्या हातांतून जातं, कित्येक ठिकाणी ते सार्वजनिकही होतं. त्यात कोणाला काय मिळावं आणि यादी कुठे ठेवली आहे, एवढंच लिहा. पासवर्ड बदलला की यादीत खाडाखोड करता येते, मृत्युपत्रात नाही.